क्यूआर कोड बंद केला तर पायरसी थांबेल का? अमरावतीचे १४९ रुपये आणि अकोल्याचं गोठलेलं खातं

गेल्या महिन्यात अमरावतीला मामेभावाकडे गेलो होतो. तो एमपीएससीची तयारी करतो. सकाळी सातला गाडगेनगरच्या अभ्यासिकेत जाऊन बसतो, रात्री नऊला उठतो. आम्ही जेवत होतो तेव्हा एका मेसेजिंग ॲपवर त्याला मेसेज आला. सगळ्या सरांची लेक्चर्स, नोट्स, टेस्ट सिरीज, फक्त १४९ रुपये. खाली क्यूआर कोड. पठ्ठ्याने माझ्यासमोर तो कोड गॅलरीतून स्कॅन केला, पिन टाकला, स्क्रीनशॉट पाठवला आणि दोन मिनिटांत प्रायव्हेट चॅनेलची लिंक हजर.

"अबे, हे चोरीचं हाय ना?" मी विचारलं.

"हो तं. पण खरा कोर्स आठ हजाराचा हाय, दादा. बाबाले मागू काय आठ हजार?"

यावर पटकन उत्तर देता आलं नाही. माझं लक्ष दुसरीकडेच गेलं होतं. चॅनेल चालवणारा स्वतःला 'गुरुजी' म्हणवतो, फोटोत सरस्वती आहे. पण पेमेंटच्या स्क्रीनवर पैसे घेणाऱ्याचं नाव आलं ते एका बाईचं, आडनावासकट. म्हणजे ज्या माणसाला शोधायला कोर्टकचेऱ्या होतात, त्याच्या खात्याचं नाव माझ्या भावाच्या मोबाइलवर उघडं होतं. मग पायरसी रोखायची असेल तर वेबसाइट आणि चॅनेलच्या मागे धावण्यापेक्षा पैशाची नळीच का दाबू नये?

ही कल्पना नवीन नाही. जगात तिच्यावर पंधरा-वीस वर्षं प्रयोग चालू आहेत. आपल्याकडे ती कशी लागू पडते, आणि कुठे उलटते, ते बघू.

आधी सध्याची पद्धत. पायरसीवर आपल्याकडचा मुख्य उपाय म्हणजे ब्लॉकिंग. एप्रिल २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने यूटीव्ही आणि इतर स्टुडिओंच्या खटल्यात '१३३७एक्स'सारख्या टोरेंट साइट्स बंद करायला सांगितलं आणि 'डायनॅमिक इंजंक्शन' हा प्रकार आपल्याकडे आणला. म्हणजे साइटने नाव बदलून नवा पत्ता घेतला तर नवा खटला नको, त्याच आदेशात तो पत्ताही जोडायचा. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच कोर्टाने पुढे जाऊन, अजून बनलेल्याच नाहीत अशा कलाकृतींनाही हे संरक्षण दिलं. त्याच वर्षी सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली. थिएटरात चोरून रेकॉर्डिंग केलं किंवा तसली कॉपी दाखवली तर तीन महिने ते तीन वर्षं कैद, आणि दंड तीन लाखांपासून निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत. हे सिनेमासाठी. लेक्चर आणि नोट्सवर जुना १९५७ चा कॉपीराइट कायदाच लागतो, त्यातही कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे.

एवढं सगळं असून काय झालं? ईवाय आणि आयएएमएआयच्या २०२४ च्या अहवालाने भारतातल्या पायरसीची उलाढाल २०२३ साली २२,४०० कोटी रुपये धरली, आणि बघणाऱ्यांपैकी ५१ टक्के लोक चोरीचं काही ना काही बघतात असं म्हटलं. असे आकडे मी थोडे सावधपणेच घेतो, कारण ते काढवणारी संस्था उद्योगाची असते, आणि माझा भाऊ १४९ देतो म्हणजे त्याने आठ हजार दिलेच असते असं नाही. पण ब्लॉकिंगने काम भागलेलं नाही, हे कळायला आकडा कशाला पाहिजे? तुमच्या वर्गातल्या कोणालाही विचारा.

पैशाची नळी दाबण्यामागचा सगळ्यात भक्कम पुरावा मला २०११ च्या एका संशोधनात दिसतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो आणि बर्कली इथल्या संशोधकांनी स्पॅम ईमेलमधून विकल्या जाणाऱ्या मालाचा माग काढला. बनावट औषधं, डुप्लिकेट घड्याळं आणि पायरेटेड सॉफ्टवेअर असा तो माल होता. नुसता अभ्यास नाही, त्यांनी स्वतः मुद्दाम खरेदी केली आणि कार्डाचा पैसा कोणत्या बँकेत उतरतो ते बघितलं. डोमेन नावं ढिगाने होती, सर्व्हर जगभर पसरलेले होते. पण त्यांनी तपासलेल्या मालापैकी ९५ टक्के मालाचा पैसा फक्त तीन बँकांमधून जात होता. डोमेन काही रुपयांत मिळतं. कार्डाचे पैसे घेऊ देणारी बँक मिळायला मात्र कागदपत्रं लागतात, डिपॉझिट लागतं, आठवडे जातात. जिथे बदल करणं सगळ्यात महाग पडतं, तिथे दाब द्यायचा, एवढं साधं गणित.

कार्डाच्या जगात हे जमतं कारण तिथे साखळी आहे. तुमची बँक, मध्ये व्हिसा किंवा मास्टरकार्डचं नेटवर्क, आणि पलीकडे दुकानदाराला मशीन किंवा गेटवे देणारी बँक. दुकानदार चोरीचा माल विकत असेल तर नेटवर्क त्या पलीकडच्या बँकेला दंड लावतं, आणि बँक दुकानदाराला काढून टाकते. कोर्ट नाही, पोलिस नाही, करारातल्या अटीवर काम. अमेरिकेत २०११ मध्ये कार्ड कंपन्यांनी सरकारच्या सांगण्यावरून यासाठी स्वेच्छेने नियम मान्य केले. आणि गंमत बघा, हेच कायद्याने सक्तीचं करू पाहणारं 'सोपा' विधेयक जानेवारी २०१२ मध्ये लोकांच्या विरोधामुळे बारगळलं. संसदेत जे पडलं ते करारातून चालूच राहिलं. त्याआधी २००७ मध्ये अमेरिकेतल्या एका अपील कोर्टाने 'परफेक्ट टेन' नावाच्या कंपनीच्या दाव्यात स्पष्ट सांगितलं होतं की चोरीचे फोटो विकणाऱ्या साइटचे पैसे हाताळले म्हणून व्हिसा जबाबदार ठरत नाही. म्हणजे कायद्याने बांधलेलं नसतानाही या कंपन्या हे करतात. का? कारण एक दुकानदार गेला तर त्यांचं काही जात नाही. भांडण अंगावर घेण्यापेक्षा खातं बंद केलेलं स्वस्त.

आता हे सगळं आपल्या यूपीआयवर ठेवून बघा. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात यूपीआयवर २,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. यात दोन प्रकार. एक, दुकानदाराला पेमेंट. त्यात दुकानाची नोंद असते, धंद्याचा कोड असतो, बऱ्याचदा मध्ये पेमेंट ॲग्रिगेटर असतो. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्येच ॲग्रिगेटरना सांगून ठेवलंय की दुकानदाराची पार्श्वभूमी तपासा, तो बनावट किंवा बंदी असलेला माल विकत नाही ना ते बघा. दुसरा प्रकार, माणसाने माणसाला पाठवलेले पैसे. मी तुला चहाचे वीस पाठवतो तसे. त्यात दुकान नाही, कोड नाही, कारण विचारायला कोणी नाही.

माझ्या भावाचे १४९ रुपये या दुसऱ्या दारातून गेले. सिस्टिमच्या नजरेत एका पोराने एका बाईला पैसे पाठवले, बस्स. ती बहुतेक आत्या असेल, मेसवाली काकू असेल, सिस्टिमला काय माहीत! आणि ती बाई 'गुरुजी' असण्याची शक्यता फारच कमी. खातं भाड्याने दिलेलं असणार. महिन्याला काही हजार देतो, एटीएम कार्ड आणि सिम आम्हाला दे, एवढाच सौदा. म्हणजे जो फायदा मला सुरुवातीला दिसला होता, की नाव समोर दिसतं, तो अर्धाच खरा. नाव दिसतं, पण ते दिसायला ठेवलेलंच नाव असतं.

अमरावतीतच माझ्या ओळखीचे एक सर आहेत, शिकवतात छान, रात्री जागून स्वतः व्हिडिओ एडिट करतात. त्यांचा कोर्स अशाच चॅनेलवर गेला. त्यांनी स्वतः पैसे भरून आत प्रवेश घेतला, यूपीआय आयडी, व्यवहाराचा नंबर, स्क्रीनशॉट सगळं जमवलं. बँकेने सांगितलं पोलिसात जा. पोलिसांनी तक्रार घेतली. दुसऱ्या दिवशी चॅनेलवर नवा क्यूआर कोड आला, खाली सूचना: जुन्यावर पैसे पाठवू नका. सर मला म्हणाले, "मी तीन बँका शोधत बसलो असतो रे, इथं तं रोज नवी माय निघते."

थोडक्यात, अमेरिकेतल्या संशोधनाचं गणित इथे उलटं होतं. तिथे पैसे घ्यायची जागा बदलणं महाग होतं. इथे डोमेनपेक्षाही स्वस्त आहे. जोपर्यंत भाड्याची खाती मुबलक मिळतात, तोपर्यंत एकेक आयडी ब्लॉक करणं म्हणजे डास मारायला फटके देत बसणं, डबकं तसंच.

मोठ्या पायरसीला तर तुमच्या-माझ्या खिशातला पैसा लागतच नाही. तेलुगू सिनेमांची 'आयबोम्मा' ही साइट आठवते? नोव्हेंबर २०२५ मध्ये हैदराबाद पोलिसांनी ती चालवणाऱ्याला पकडलं. सिनेमा फुकट होता. पैसे सट्ट्याच्या ॲप्सकडे गिऱ्हाईक वळवून यायचे असं पोलिसांचं म्हणणं. तिथे क्यूआर कोड बंद करून काय मिळणार? जाहिरात देणाऱ्याचा पैसा अडवावा लागेल. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने तेवढं एक केलंय. पैशाच्या खेळांसाठी व्यवहार करू द्यायला बँका आणि पेमेंट कंपन्यांना थेट मनाई आहे. पायरसी या शब्दाचा त्यात संबंध नाही, पण माझ्या मते पायरेटेड सिनेमाच्या साइट्सना त्याचा चटका क्यूआर ब्लॉक करण्यापेक्षा जास्त बसू शकतो.

आता दुसरी बाजू. ही मला जास्त टोचते, कारण ती घरातली आहे.

मामाचं, म्हणजे याच भावाच्या बाबांचं, अकोल्यात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाने फॉर्म आणि प्रिंटचे सहाशे रुपये यूपीआयने दिले. तीन आठवड्यांनी मामाचं खातं बंद. दुसऱ्या राज्यात कोणाची तरी सायबर फसवणूक झाली होती, तो पैसा चार-पाच खात्यांतून फिरत त्या गिऱ्हाइकाकडे आला होता, आणि त्यातले सहाशे मामाकडे. तपास सहाशेचा, पण गोठलं अख्खं खातं. त्यात दुकानाचं भाडं, विजेचं बिल, पोराच्या खोलीचे पैसे. बँक म्हणे पोलिसांना विचारा. पोलिस ठाणं हजार किलोमीटरवर, फोन उचलला तर भाषा वेगळी. दोन महिने मामाने क्यूआरचा स्टिकर उलटा लावून ठेवला आणि रोख घेतली. "म्या काय गुन्हा केला हेच कोनी सांगत नाही," एवढंच म्हणायचा.

हे पायरसीचं प्रकरण नव्हतं, मान्य. पण पैशाच्या मागावरून कारवाई म्हणजे प्रत्यक्षात काय होतं, ते हे. उद्या पायरसीसाठीही हेच हत्यार वापरलं तर नळीच्या प्रत्येक जोडावर कोणीतरी मामा बसलेला असणार. (आणि खरं सांगायचं तर मामाच्या दुकानात क्लासच्या नोट्सची झेरॉक्स सर्रास निघते. त्यावरून कोणी त्याचा क्यूआर बंद करायला सांगितला तर? अकोल्यात एकही झेरॉक्सचं दुकान उरणार नाही.)

कायद्यात इथे एक विचित्र फट आहे. तुमचा व्हिडिओ कोणी कॉपीराइटची तक्रार करून काढायला लावला, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ आणि त्याखालच्या नियमांत मुदत आहे. साठवणाऱ्याने ३६ तासांत तो अडवायचा, पण तक्रारदाराने २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर परत खुला करता येतो. म्हणजे खोट्या तक्रारीला घड्याळ लावलेलं आहे. पेमेंट बंद करण्याला या कायद्यात असं घड्याळच नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात 'मध्यस्थ' कोण याची जी यादी आहे, तिच्यात सर्च इंजिन आणि सायबर कॅफेच्या जोडीला ऑनलाइन पेमेंट साइट्सचंही नाव आहे. पण व्हिडिओ हटला तर एक व्हिडिओ जातो. पेमेंट हटलं तर माणसाचा अख्खा धंदा जातो. ज्याचा फटका मोठा, त्यालाच मुदत नाही, सुनावणी नाही.

आणि कंपन्यांच्या हातात हे सोडलं तर काय होतं त्याची उदाहरणं आहेत. डिसेंबर २०१० मध्ये व्हिसा, मास्टरकार्ड आणि पेपलने विकिलीक्सच्या देणग्या बंद केल्या, तेव्हा कुठल्याच कोर्टाने त्यांना दोषी ठरवलं नव्हतं. आइसलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये तिथल्या कार्ड कंपनीला ते पेमेंट पुन्हा सुरू करायला लावलं. मध्ये अडीच वर्षं गेली. २०१५ मध्ये फाइल साठवायच्या 'मेगा' या सेवेचं पेपल बंद झालं, एका अहवालात तिचं नाव पायरसीच्या यादीत आलं होतं आणि अमेरिकेतल्या एका सिनेटरने कार्ड कंपन्यांवर दबाव आणला होता. जुलै २०२५ मधलं तर तुमच्यापैकी गेम खेळणाऱ्यांना माहीत असेल. स्टीम आणि इच-आयओवरून पेमेंट कंपन्यांच्या दबावाने एकगठ्ठा प्रौढांचे गेम्स हटले. तिथे चोरीचा प्रश्नच नव्हता, फक्त कोणाला तरी ते आवडले नव्हते. एकदा नळीवर हात ठेवला की तो हात पायरसीपुरता थांबत नाही.

आपल्याकडेही झालंय. ६ एप्रिल २०१८ ला रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं, क्रिप्टोचा व्यवहार करणाऱ्यांना सेवा देऊ नका. क्रिप्टोवर बंदी घालणारा कायदा नव्हता, फक्त बँकेचं दार बंद. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. क्रिप्टो चांगलं की वाईट यात कोर्ट पडलं नाही. मुद्दा प्रमाणाचा होता: बँकांना नेमकं काय नुकसान झालं ते दाखवता आलं नाही, आणि उपाय मात्र धंदाच संपवणारा. पायरसीच्या पेमेंट ब्लॉकिंगला मी हीच फूटपट्टी लावेन.

मग सरांनी काय करायचं? त्यांचं नुकसान खरं आहे, आणि 'माहिती फुकट असली पाहिजे' हे मी त्यांच्या तोंडावर म्हणू शकत नाही. मला सगळ्यात कामाचा वाटतो तो दिल्ली उच्च न्यायालयाचा ३० ऑगस्ट २०२२ चा आदेश. नीतू सिंग या स्पर्धा परीक्षांच्या शिक्षिकेची लेक्चर्स आणि पुस्तकं टेलिग्रामवर विकली जात होती. २०२० मध्ये दावा दाखल झाला. टेलिग्राम म्हणालं, आमचे सर्व्हर सिंगापूरला, तिथला कायदा लागतो, नावं देता येणार नाहीत. कोर्टाने ते मानलं नाही, आणि चॅनेल चालवणाऱ्यांचे मोबाइल नंबर, आयपी पत्ते बंद पाकिटात द्यायला लावले. माझं म्हणणं असं, की पैशाचा माग याच कामी वापरावा. भाड्याच्या खात्यावरून ते वापरणाऱ्या मोबाइलपर्यंत, एटीएमपर्यंत जाता येतं. कोर्टाच्या आदेशाने माहिती मागा, चालवणाऱ्याला पकडा. रक्कम रोखायची तर वादातली तेवढीच रोखा, मामाचं भाडं नको. आणि गेटवे घेऊन उघड दुकान थाटलेले, रीतसर 'प्रीमियम' विकणारे चोर असतील, तर त्यांच्यावर करार आहे, नियम आहे, तिथे नोटीस देऊन खुशाल दार बंद करा. २०२१ मध्ये महाराष्ट्र सायबरने 'थॉप टीव्ही' चालवणाऱ्या तरुणाला हैदराबादहून उचललं. ते ॲपही वर्गणी घेत होतं. अशा ठिकाणी पैशाचा पुरावा सोन्यासारखा असतो.

आठ हजाराचा प्रश्न मात्र यातून सुटत नाही. अमरावतीच्या अभ्यासिकेत बसणाऱ्या पोराला परवडेल असा कोर्स कोणी काढला तर १४९ वाल्याचं गिऱ्हाईक तुटेल. सरांना मी तेही बोललो. विषयागणिक दोनशे-तीनशे लावून बघा म्हटलं. ते अजून विचार करतायत.

निघताना भावाने आणखी एक गोष्ट दाखवली. चॅनेलवर स्कीम होती: तीन मित्र जोडा, पन्नास रुपये परत. त्याने जोडले होते, आणि पन्नास आलेही होते. मी स्टेटमेंट बघितलं. पाठवणारं नाव तिसरंच कोणाचं तरी. पैसे देणाऱ्याकडे सहसा कोणी येत नाही, पण भाड्याच्या खात्यातून पैसे घेणारा त्या साखळीतलं पुढचं खातं बनतो. मामाच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. आणि हे त्याचं एकुलतं खातं, स्कॉलरशिप त्यात, मेसचे पैसे त्यात.

त्याला हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा गंभीर झाला. "मंग पन्नास वापस पाठवू काय?"

नको म्हटलं. वापस पाठवलेस तर त्या खात्याशी आणखी एक एंट्री. स्क्रीनशॉट जपून ठेव, त्या चॅनेलवरून बाहेर पड, आणि मेसचे पैसे वेगळ्या खात्यात घ्यायला सुरू कर. दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन त्याने झीरो बॅलन्सचं खातं उघडलं. चॅनेलवरून बाहेर पडला का, ते मी विचारलं नाही.